हिशेबात राहून गेलेला रकाना

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. विजेवर चालणारी दुसरी स्कूटर घेऊन मी घरी आलो. पहिली विकून दोनच दिवस झाले होते. मुलीने पेढ्यांचा पुडा फोडला आणि शेजारपाजारी वाटायला निघाली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राहणारा एक मुलगा आला. वय बावीस-तेवीस. घरोघरी पार्सले पोहोचविण्याचे काम करतो. त्याने पेढा घेतला, नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्ही तं सुटले. मी कसा सुटू?"

त्याच्या घरासमोर ताडपत्रीखाली एक स्कूटर चार महिन्यांपासून उभी होती. माझ्या पहिल्या गाडीच्याच कंपनीची. ती त्याने माझ्या शब्दावर घेतली होती. मी काहीच उत्तर देऊ शकलो नाही. हातातला पेढा हातातच राहिला.

वाचकहो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझे पुढचे नऊ महिने गेले. ती हकीकत मी आज सांगणार आहे. दोन्ही कंपन्यांची नावे मी देणार नाही. आज वाईट सेवा देणारी कंपनी उद्या सुधारेल, आज चांगली असलेली उद्या बिघडेल. तेव्हा नाव पाठ करून फायदा नाही. गाडी घेण्यापूर्वी काय विचारावे, हे मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असायला हवे. आपल्या घरात गाडी येते ती हौस म्हणून नव्हे. ती कामावर जायला येते आणि कर्जावर येते.

मी नागपूरच्या इंदोरा भागात राहतो. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कचेरीत लेखनिक आहे. शिक्षण बी.कॉम. दिवसभर आकड्यांशी काम. संध्याकाळी वस्तीतल्या वाचनालयात बसतो. कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाचे रेशनकार्ड, कोणाचा दाखला, ही कामे गेली वीस वर्षे करीत आलो. त्यामुळे वस्तीत माझ्या शब्दाला थोडी किंमत आहे. फ्रिज कोणता घ्यावा इथपासून मुलीला कोणत्या कॉलेजात टाकावे इथपर्यंत लोक विचारायला येतात. खरे सांगायचे तर त्याचे मला बरेही वाटत असे.

२०२२ च्या सप्टेंबरात मी पहिली विजेची स्कूटर घेतली. त्या वेळी पेट्रोल लिटरमागे १०६ रुपयांच्या आसपास होते. माझी जुनी मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देई. घरून कारखाना आणि परत मिळून ६६ किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,६५० किलोमीटर, म्हणजे ३३ लिटर पेट्रोल, म्हणजे साधारण साडेतीन हजार रुपये. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ६६ युनिट लागणार होते. युनिटला दहा-अकरा रुपये धरले तरी बिल सातशेच्या आसपास. म्हणजे दरमहा २,८०० रुपयांची बचत.

गाडीची किंमत सर्व मिळून सव्वा लाख. केंद्र सरकारच्या फेम-२ योजनेखाली त्या वेळी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे १५ हजार रुपये अनुदान होते. ते वजा होऊनच ही किंमत आली होती. पस्तीस हजार पत्नीने बचत गटातून उचलले. नव्वद हजार कारखान्याच्या पतसंस्थेकडून, तीन वर्षांसाठी, बारा टक्क्यांनी. हप्ता २,९८९ रुपये. पेट्रोलच्या बचतीतूनच जवळजवळ सगळा हप्ता फिटणार होता!

हा हिशेब मी एका कोऱ्या कागदावर शाईने लिहिला आणि वाचनालयाच्या फळ्यावर लावला. पत्नीने तो वाचला आणि म्हणाली, "तुमचा हिशेब कागदावर नेहमीच बरोबर असते." तिच्या बोलण्यातली खोच मला तेव्हा कळली नाही.

सुरुवातीचे दिवस खरोखर सुखाचे गेले. गाडीला आवाज नाही, धूर नाही. गिअर नाही, क्लच नाही. सकाळी मुलगी शिकवणीला घेऊन जाई, मग मी कामावर नेत असे. कंपनीच्या पुस्तिकेत एका चार्जिंगला ११५ किलोमीटर लिहिले होते. प्रत्यक्षात ८५ मिळत. पण माझे काम ६६ वर भागत असल्यामुळे मी त्याकडे दुर्लक्ष केले. लोक विचारत, "कशी आहे भाऊ गाडी?" मी म्हणे, "डोळे मिटून घ्या." वर्षभरात वस्तीतल्या पाच जणांनी तीच गाडी घेतली. त्यात एक बांधकामावरचा रंगारी, एक शाळेतल्या स्वयंपाकीण ताई, दोघे कारखान्यातले कामगार आणि हा पार्सलवाला मुलगा.

पहिली अडचण आली ती घरच्या विजेची. आमच्याकडे जुन्या घरांना अर्थिंग नाही. दोन तारांवर बल्ब आणि पंखा चालतो, पण चार्जरला तिसरी तार हवी. ती नसली तर चार्जर एक तर चालूच होत नाही, किंवा चालला तर धोक्याचा. मी घरामागे खड्डा करून अर्थिंग करून घेतले. स्वयंपाकीण ताईंकडे खड्ड्याला जागाच नव्हती. त्यांना शेजारच्या घरून वायर ओढावी लागली आणि त्यावरून दोन घरांत बोलाचाली झाली. वीज बिलाचीही एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. ज्या घराचा वापर शंभर युनिटच्या आत आहे, त्या घरात गाडीचे साठ-सत्तर युनिट आले की वरचे युनिट महाग दराने पडतात.

या गोष्टी सहन करण्यासारख्या होत्या. खरा त्रास दीड वर्षाने सुरू झाला.

२०२४ चा मे महिना. नागपूरचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. रात्री नऊच्या सुमारास वर्धा रोडने परत येत होतो. जामठ्याजवळ पडद्यावर बॅटरी २२ टक्के दिसत होती. मनात म्हटले, घरापर्यंत आरामात पोहोचू. पुढच्या दोन मिनिटांत २२ चे ९ झाले, ९ चे ४ झाले आणि गाडी थांबली. बाजूने ट्रक जात आहेत, दिवाही बंद. ती शंभर किलोच्या वरची गाडी मी ढकलत एका धाब्यापर्यंत नेली. शेवटी छोटा हाथी करून घरी आणली. त्याने बाराशे रुपये घेतले. घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. पत्नी दारात उभी होती. काही बोलली नाही, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

असे का झाले हे मला नंतर समजले. बॅटरी म्हणजे एकच डबा नसतो. आत पुष्कळ छोटे सेल रांगेने जोडलेले असतात आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक यंत्रणा असते. पडद्यावर दिसणारे टक्के हा त्या यंत्रणेचा अंदाज असतो. रांगेतला एखादा गट कमजोर झाला की बाकीच्यांत शक्ती शिल्लक असूनही यंत्रणा सगळा प्रवाह तोडते, कारण त्या कमजोर सेलमधून आणखी ओढले तर तो कायमचा खराब होतो. जोडीतला एक बैल बसला की बंडी बसते, तसेच हे. उन्हाने तापलेली बॅटरी घरी येताच लगेच चार्जिंगला लावली तर ती लवकर थकते, हेही मला तेव्हाच कळले. अर्धा-पाऊण तास थंड होऊ द्यावी. ही गोष्ट मला गाडी विकणाऱ्याने सांगितली नव्हती आणि मीही माझ्या शब्दावर गाडी घेणाऱ्या कोणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात गेलो. तिथे आवारात गाड्यांची दाटी. कित्येकांवर धुळीचे थर. आतल्या मुलाने मोबाईलवर तक्रार क्रमांक पाठविला आणि "आठ दिवसांत फोन येईल" म्हणाला. आठ दिवसांनी फोन आला नाही, संदेश आला: "आपली तक्रार सोडविण्यात आली आहे." गाडी तर त्यांच्याच आवारात पडून! मी पुन्हा गेलो. पुन्हा नवा क्रमांक. त्या मुलाला दोष देऊन उपयोग नव्हता. त्याच्या हाताखाली दोन मिस्त्री आणि अंगणात शेकड्याने गाड्या. सुटा भाग परराज्यातून यायचा होता. एकूण अडतीस दिवस गाडी तिथे राहिली.

पेट्रोलची गाडी बिघडली की चौकातला मिस्त्री ती उघडतो. प्लग साफ करतो, कार्बोरेटर फुंकतो, संध्याकाळी गाडी देतो. विजेच्या गाडीत तसे होत नाही. बिघाड कुठे आहे हे कंपनीचा संगणक जोडल्याशिवाय दिसत नाही, आणि बाहेरच्या माणसाने बॅटरीला हात लावला तर हमी जाते. म्हणजे गाडी आपल्या दारात असली तरी तिची किल्ली कंपनीच्या हातात असते.

त्या अडतीस दिवसांत मी इंदोरा चौकातून मेट्रोने खापरीला आणि तिथून शेअर ऑटोने बुटीबोरीला जात होतो. जायला दोन तास, यायला दोन तास. वाचनालय बंद पडले. पतसंस्थेचा हप्ता मात्र पगारातून नेमाने कापला जात होता.

पुढच्या चार महिन्यांत गाडी आणखी तीनदा बंद पडली. ऑक्टोबरात मी हिशेबाची वही काढली. सव्वीस महिन्यांत गाडी उभी राहिल्याचे एकूण दिवस ८३. त्या दिवसांचे प्रवासभाडे, छोटा हाथी, बुडालेले दोन दिवसांचे वेतन, सगळे मांडले. वाचलेल्या पेट्रोलमधला मोठा हिस्सा त्यात गेला होता. माझ्या त्या फळ्यावरच्या कागदात किंमत होती, हप्ता होता, पेट्रोल होते, वीज होती. 'गाडी उभी राहील ते दिवस' हा रकानाच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली.

गाडी बदलायची ठरली. पत्नी म्हणाली, "परत पेट्रोलची घ्या." मी विचार केला. विजेच्या गाडीवर माझा राग नव्हता. चालत होती तेव्हा तिने पैसे वाचविले, हे वहीत दिसत होते. माझे भांडण सेवेशी होते. म्हणून गाडी विजेचीच, पण कंपनी दुसरी, असे ठरविले.

या खेपेला मी आधी शोरूममध्ये गेलोच नाही. दोन शनिवार त्या दुसऱ्या कंपनीच्या सेवा केंद्राच्या फाटकावर उभा राहिलो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारले: गाडी केव्हा टाकली होती? काय बिघाड होता? किती दिवस लागले? किती पैसे घेतले? लोकांना वाटले मी वर्तमानपत्रातून आलो आहे. दोन शनिवारांत एकवीस जण बोलले. बहुतेकांची गाडी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळाली होती. दोघांना आठवड्यावर लागले होते. आवारात धूळ खात पडलेल्या गाड्या चार दिसल्या. मग शोरूममध्ये गेलो.

तिथल्या विक्रेत्या मुलीला मी विचारले, "एका चार्जिंगला किती?" ती म्हणाली, "काका, पुस्तिकेत ९५ आहे. तुम्हाला ७५ ते ८० मिळतील." पुस्तिकेतला आकडा प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगाने, रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. रस्त्यावर खड्डे, उड्डाणपूल, मागे बसलेला माणूस आणि ऊन असते. तिने दोन्ही आकडे सांगितले म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर ती बदलून मिळेल, हे तिच्याकडून छापील घेतले. नुसते 'इतक्या वर्षांची हमी' याला अर्थ नाही. गाडी चालते पण निम्मेच अंतर देते, याला कंपनी बिघाड मानते की नाही, हे त्या टक्क्यांवर ठरते.

ही गाडी महाग पडली. सरकारी अनुदान तोवर घटले होते. फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत किलोवॉट-तासाला ५ हजार आणि गाडीमागे जास्तीत जास्त १० हजार मिळत होते. शिवाय हिची बॅटरी लहान. ६६ किलोमीटरसाठी ८० म्हणजे ताणाताणीच. मग मी कारखान्याच्या व्यवस्थापकांना लेखी अर्ज केला आणि चौकीजवळच्या प्लगवर चार्जिंगची परवानगी मिळविली. महिन्याचे तीनशे रुपये पगारातून कापतात. आता आम्ही सात जण ती सोय वापरतो.

जुनी गाडी विकताना आणखी एक परीक्षा झाली. पतसंस्थेचे सुमारे २८ हजार बाकी होते. भाजीची हातगाडी लावणाऱ्या एका गृहस्थाने पंचेचाळीस हजार देऊ केले. गाडी बाहेरून चकचकीत होती. त्यांना काही विचारायचेही सुचले नाही. मी न सांगता पैसे घेतले असते तर ते कोणाला कळले नसते. रात्री झोप लागली नाही. सकाळी मी एका कागदावर गाडीचे सगळे बिघाड तारखांसह लिहिले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी गाडी घेतली नाही. शेवटी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने तो कागद वाचून एकतीस हजारांना घेतली. कर्ज फेडून हातात तीन हजार उरले. मी मनाशी म्हटले, चला, आपण कोणाला फसविले नाही.

आणि दोनच दिवसांनी त्या मुलाने विचारले, "मी कसा सुटू?"

भाजीवाल्याला मी कागद दिला, आणि या पोराला? याला तर मी 'डोळे मिटून घे' म्हटले होते. माझा प्रवास ठरलेला, ६६ किलोमीटरचा. त्याचा दिवसाला शंभराच्या वर. एकच गाडी दोघांना सारखीच पुरेल, हे मी कशाच्या जोरावर सांगितले होते? मला पतसंस्थेने बारा टक्क्यांनी कर्ज दिले, त्याने फायनान्स कंपनीकडून त्याहून पुष्कळ महाग घेतले. माझी गाडी थांबली तर मी मेट्रोने गेलो. त्याची थांबली तर त्या दिवसाची कमाईच थांबली. जुलै २०२४ च्या पावसात त्याची गाडी बंद पडली होती. सेवा केंद्राने तोंडी सांगितले की बॅटरीत पाणी गेले, हे हमीत बसत नाही, तेवीस हजार भरा. त्याच्याजवळ तेवीस हजार नव्हते. तेव्हापासून तो दिवसाला अडीचशे रुपये भाड्याने दुसऱ्याची गाडी चालवीत होता आणि बंद गाडीचा हप्ताही भरत होता. हे सगळे मला माहीत होते. पण माझ्याच गाडीच्या त्रासात गुंतल्यामुळे मी त्याकडे पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याला कागदपत्रे घेऊन वाचनालयात बोलाविले. पाहतो तर तक्रारी सगळ्या फोनवर. लेखी एकही नाही. पण गाडी घेताना मिळालेली रंगीत पुस्तिका त्याच्या आईने जपून ठेवली होती. तीत छापले होते: बॅटरी आय.पी. ६७ दर्जाची. या ६७ मधला सहा हा आकडा धुळीसाठी आहे. सात याचा अर्थ, एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी शिरू नये. मग नागपूरच्या पावसाने बॅटरीत पाणी कसे गेले? आम्ही हाच एक प्रश्न लिहिला. बॅटरीत पाणी गेले हे कशावरून ठरविले, त्याचा तपासणी अहवाल लेखी द्यावा, अशी मागणी केली. पत्र रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठविले. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. हा फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते.

पंधरा दिवसांत कंपनीचा फोन आला. अहवाल नाहीच, पण वीस टक्के सूट देऊ म्हणाले. मुलगा म्हणाला, "घेऊन टाकू का भाऊ?" मी सांगितले, निर्णय तुझा. या खेपेला मी माझा शब्द त्याच्यावर लादला नाही. फक्त कायदा समजावून सांगितला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याच्या आईने सगळे ऐकले आणि म्हणाली, "एवढे महिने भाडं भरलं, आणखी काही महिने भरू. पण पाणी गेलं म्हणून खोटं ऐकून घेणार नाही."

फेब्रुवारी २०२५ मध्ये तक्रार दाखल झाली. अर्ज मी टाईप केला. पोचपावती, पुस्तिका, हप्त्यांच्या पावत्या, भाड्याच्या गाडीचा हिशेब, सगळे क्रमाने लावले. वीस वर्षे कचेरीत फायली लावल्या त्याचे तेव्हा चीज झाले. दोन तारखा कंपनीकडून कोणी आलेच नाही. त्यानंतर वकील आले आणि तडजोडीची भाषा सुरू झाली. ऑगस्टमध्ये समझोता झाला: बॅटरी विनामूल्य बदलून, वर एक वर्षाची हमी आणि नुकसानीपोटी पंधरा हजार रुपये. त्याचे नुकसान त्याच्या कितीतरी पट झाले होते. तेव्हा पूर्ण न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. पण ताडपत्री निघाली.

बाकीच्या चौघांचेही सांगितले पाहिजे. स्वयंपाकीण ताईंची गाडी आजही ठणठणीत आहे. त्यांना एका दिवसाचाही त्रास नाही. हेही खरेच. कारखान्यातल्या दोघांच्या गाड्या लेखी तक्रार केल्यावर दुरुस्त झाल्या. रंगाऱ्याने वाट न पाहता गाडी मिळेल त्या भावाला विकून टाकली आणि जुनी सायकल काढली. त्यांच्यासमोर गेलो की माझी मान आजही खाली जाते. ते मात्र म्हणतात, "तुमी काई मुद्दाम केलं होतं का जी?"

माझी नवी गाडीही काही देवदूत नाही. एकदा हॉर्न बंद पडला, तीन दिवस लागले. एकदा चार्जर बदलावा लागला. पण वर्षभरात उभी राहिल्याचे दिवस पाच. वहीत आता तो रकाना आहे.

वाचनालयात आम्ही एक वेगळी वही ठेवली आहे. वस्तीत ज्याच्याकडे विजेची गाडी आहे, तो दर महिन्याला त्यात तीन गोष्टी लिहितो: किती किलोमीटर चालली, किती दिवस उभी राहिली, किती पैसे लागले. कंपनी कोणतीही असो. नवी गाडी घेणारा आधी ती वही वाचतो, मग एक शनिवार सेवा केंद्राच्या फाटकावर जाऊन उभा राहतो. घरी अर्थिंग आहे का ते पाहतो, आपला रोजचा प्रवास मोजतो आणि पुस्तिकेतल्या आकड्याचा चौथा हिस्सा वजा करून तो पुरतो का ते पाहतो. तक्रार असली तर ती फोनवर सांगून थांबत नाही, कागदावर लिहितो आणि पोच घेतो.

मागच्या आठवड्यात एक ताई आल्या. मुलासाठी गाडी घ्यायची होती. "भाऊ, कोणती घेऊ? तुम्ही सांगाल ती." पूर्वीचा मी असतो तर लगेच नाव सांगितले असते. मी वही काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांना वाचायला अडचण होती. बाजूला तो पार्सलवाला मुलगा बसला होता. त्याने खुर्ची पुढे ओढली, वही उघडली आणि पहिल्या पानापासून त्यांना वाचून दाखवू लागला.